तिसऱ्या खडकाखालची गोणी

"थांब! वल्हं बाहेर काढ! कैमी, वल्हं बाहेर!"

नोहेआ इतक्या जोरात किंचाळली की कैमीच्या हातून वल्हं निसटता निसटता राहिलं. होडीच्या कडेवरून वाकून, काचेच्या तळाची पेटी पाण्यावर टेकवून ती खाली बघत होती. एरवी तूतूंच्या होडीची सावली पडायचा अवकाश, खालून शेकडो ओपेलू चकाकत वर यायचे. बांगड्याएवढे मासे, नुसती झुंबड! आज तिथे एकच मासा होता. होडीपेक्षा लांब. अंगावर पट्टे.

"शा... शार्क!"

"बघू, बघू!" मैत्रीण मिदोरीने पेटीत डोकं घातलं आणि तितक्याच झटक्याने बाहेर काढलं. "आई गं! हा आपल्याकडेच बघतोय!"

तूतू, म्हणजे नोहेआ आणि तिचा चुलतभाऊ कैमी यांचे आजोबा, पाण्यात चारा सोडायच्या बेतात होते. भोपळ्याच्या लगद्याने भरलेला त्यांचा डाव तसाच हवेत राहिला. चार महिने ते रोज पहाटे येऊन ओपेलूंना शिजवलेला भोपळा आणि अळूचे कंद खाऊ घालत होते. चार महिने गावात कुणी या माशांना हातही लावला नव्हता. येत्या शनिवारी जाळं पडायचं होतं, घराघरात मासे जायचे होते. नियम एकच, पिढ्यान् पिढ्यांचा. या पाण्यात मांसाचा तुकडा टाकायचा नाही. वास आला की मोठे मासे येतात आणि ओपेलू पळतात.

"कुणीतरी मांस टाकलंय," तूतू म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कोरडा होता. "शनिवार विसरा आता. मागे फिरवा होडी."

घरी जाऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले. जेवलेसुद्धा नाहीत!

"आपण शोधायचं," नोहेआ म्हणाली.

"शोधू! आणि सापडला की त्यालाच शार्कच्या तोंडी देऊ!" कैमीने बाह्या सरसावल्या.

"आधी शार्कच्या तोंडी आपण नाही ना जाणार?" मिदोरीने विचारलं.

म्हणून पाण्यात कुणी उतरायचं नाही, असं ठरलं. दुपारी तिघं गावाच्या किनाऱ्यावरच्या उद्यानाच्या टोकाला, ओपेलूंच्या पाण्यालगत, एकेक खडक धरून, पेटीतून बघत निघाली. तिसऱ्या खडकाखाली दोरीला बांधलेली एक गोणी लोंबकळत होती. तिघांनी मिळून ती ओढली, तोंड सोडलं आणि काय तो भपकारा! आत मोठाल्या कुपा माशांची मुंडकी होती, रक्ताने बरबटलेली.

"ई! माझं जेवण वर येतंय!" मिदोरी ओरडली.

नोहेआ मात्र दोरीकडेच बघत राहिली. नारिंगी दोरी, टोकाला निळी चिकटपट्टी. अख्ख्या उद्यानात अशी दोरी एकाच ठिकाणी होती. पाहुण्यांना होडीतून समुद्र दाखवणाऱ्या लोपाका अंकलच्या खोपटात! तिथल्या भाड्याच्या सगळ्या होड्या याच दोरीने बांधलेल्या असत.

"छे! अंकल असं करणारच नाहीत!" तिला रडूच फुटलं. याच अंकलनी तिला पोहायला शिकवलं होतं. तोंडाला मुखवटा लावून नळीतून श्वास कसा घ्यायचा, तेही त्यांनीच.

"अंकल करणार नाहीत, पण दोरी तर त्यांचीच आहे," कैमी हळूच म्हणाला. "चल, तूतूंना सांगू."

"सांगितलं की भांडण होणार. अंकल म्हणणार, दोरी चोरीला गेली. आणि मासे? ते राहतील लांबच!" नोहेआने डोळे पुसले. "मिदोरी, घरातला भोपळा कापून शिजवायला घे."

मग तिघांचा उद्योग सुरू झाला. संध्याकाळी अंकल गोणीत मुंडकी भरून टांगायचे, हे त्यांनी लपून पाहिलं. उजाडता उजाडता ही पोरं ती ओढून मुंडकी नारळाच्या मुळाशी पुरायची आणि त्याच गोणीत शिजवलेला भोपळा भरून परत सोडायची. दिवसभरात लगदा विरघळून जायचा, म्हणून संध्याकाळी अंकलना गोणी रिकामीच मिळायची.

"आज पाहुण्यांना काय दाखवलंत, अंकल?" कैमी साळसूदपणे विचारायचा.

"काय दाखवणार, कपाळ! सगळे प्राणी सुट्टीवर गेलेत लेकाचे!"

शुक्रवारी सकाळी नोहेआने तूतूंना अक्षरशः हाताला धरून होडीत बसवलं. "कुठे नेताय रे मला?" ते कुरकुरत राहिले. होडी तिसऱ्या खडकाआड लपली. तेवढ्यात अंकलची होडी आली, सहा पाहुणे घेऊन.

"घाबरू नका हं! वरूनच बघा!" अंकल हात पसरून म्हणाले. "आता येईल बघा पट्टेवाला!"

पाणी एकदम उसळलं. पण पट्टेवाला कुठला? ओपेलू! शेकडो ओपेलू गोणीभोवती गरगर फिरायला लागले. पाहुणे टाळ्या पिटायला लागले आणि अंकलचा चेहरा पांढराफटक! त्यांनी घाईघाईने दोरी ओढली. गोणीतून पिवळा लगदा ठिबकला.

"भोपळा?"

"भोपळाच, अंकल!" कैमीने होडी खडकाआडून पुढे काढली. "तुमची मुंडकी नारळाला घातली!"

अंकलनी तूतूंना पाहिलं आणि मान खाली घातली. "काका... लोक लांबून येतात, काही न दिसता तोंड पाडून जातात. म्हटलं, एक शार्क दिसला तर... एवढ्याशा मुंडक्यांनी काय होतंय!"

"काय होतंय?" नोहेआ ताडकन उभी राहिली. "तूतूंचे चार महिने वाया गेले असते! आणि इथे रोज लहान मुलं पोहतात, अंकल! त्यांना तुम्हीच शिकवता ना?"

अंकलनी ती गोणी होडीच्या तळाशी टाकली.

तूतू बराच वेळ पेटीतून बघत होते. "आलेत," ते म्हणाले. "पण बिचकलेत अजून. उद्या जाळं नाही. आणखी दोन आठवडे खाऊ घालू." मग त्यांनी तिघांकडे पाहिलं. "मला गोणी सापडली असती, तर मी ती घेऊन लोपाकाच्या दारात भांडलो असतो. या पोरांनी आधी मासे परत आणले. चाळीस वर्षांत मला हे सुचलं नसतं!"

कैमीची छाती फुगली. मिदोरीने त्याला कोपर मारलं.

"उद्यापासून माशांना लोपाका भरवेल," तूतू पुढे म्हणाले. "त्याला जमत नाही. नोहेआ शिकवेल."

"मी? अंकलना?" नोहेआचा विश्वासच बसेना.

अंकलनी मान वर केली. "किती वाजता येऊ, नोहेआ?"

आजवर वेळ तेच सांगायचे आणि ती धावत जायची.

"साडेपाचला," ती म्हणाली. "आणि हात धुऊन या, अंकल. चांगले घासून!"