धुतलेलं आहे

तिसरं पिल्लू सकाळी सात वाजता गेलं.

दोन नंबरच्या पेटीत ते स्वतःच्या पोटाभोवती वेटोळं करून पडलं होतं. झोपेनं अलगद उचलून न्यावं आणि अंथरूण तेवढं मागे ठेवावं, तसं. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले, हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक. शेपटीखाली ओल. चाचणीची पट्टी दहा मिनिटांत बोलली. दोन रेघा. आधीच्या दोघांसारख्याच.

मांजरांचा पार्व्हो. घरातल्या मांजरांचा आजार, इथे रानमांजरांच्या पिल्लांना झालेला.

जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांचं ते केंद्र. अठरा दिवसांपूर्वी पाच पिल्लं आली होती, दोन आयांची. एक नंबरच्या पेटीत दोन, दोन नंबरच्या पेटीत तीन. आवाराला उंच भिंत, आत एकही मांजर नाही. प्रत्येक दाराशी ब्लीचच्या पाण्याचा ट्रे. त्यात बूट बुडवल्याशिवाय बाईसुद्धा आत पाऊल टाकत नसत. म्हणजे रोग चालत आला नव्हता. कुणीतरी आणला होता.

पहिलं पिल्लू गेलं तेव्हाच बाईंनी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले होते. "घरी पाळलेलं मांजर आहे का?" सगळ्यांनी लिहिलं, नाही. बाईंनीही. त्यांच्या आईनं जिन्यातून उचलून आणलेलं एक पिल्लू महिन्याभरापूर्वीच गेलं होतं, तेव्हा "नाही" हे खरंच होतं.

आज त्यांनी एकेकाला नीट निरखलं. तात्या समोर आले आणि बाईंची नजर त्यांच्या बाहीवरच्या एका केसावर थांबली.

तात्या पिल्लांना बाटली पाजायचे. वीस वर्षं हेच काम. जगातली अर्धी जनावरं माझी दूधभावंडं आहेत, असं ते म्हणायचे.

"तात्या, हा केस कुणाचा?"

तात्यांनी केस चिमटीत धरला. मान खाली गेली.

"मनीचा."

"म्हणजे घरी मांजर आहे."

"माझी नाही, बाई. ती येते. जिन्यात बसते, मी बशीभर दूध ठेवतो, एवढंच."

"आणि फॉर्मवर 'नाही' लिहिलंत."

"त्यावर 'पाळलेलं' असं होतं. आता तिनंच मला पाळलंय म्हणा हवं तर."

एरवी यावर सगळे हसले असते. आज कपडे धुणाऱ्या मावशींनी भिंतीकडे तोंड केलं.

"तुमच्या या 'येते'नं तीन जीव गेले, तात्या."

हे बाई सगळ्यांदेखत बोलल्या. आवाज न चढवता, म्हणून ते जास्त लागलं. तात्यांनी एप्रन उतरवला, चौकोनी घडी घातली, वर पेट्यांच्या खोलीची किल्ली ठेवली आणि ते गेले. जाताना ट्रेमध्ये दोन्ही बूट नीट बुडवून गेले. केंद्राच्या साहेबांनी बाईंना सांगितलं, संध्याकाळपर्यंत अहवाल द्या, तात्यांच्या जागी माणूस बघायला घेतो.

दहाच्या सुमाराला दुसरं संकट आलं. एक नंबरच्या पेटीतली दोन्ही पिल्लं बाटली तोंडात घेईनात. बाईंनी दूध कोमट केलं, बाटलीचं निपल बदललं, कपाळावरून बोट फिरवलं. पिल्लं त्यांच्या हाताचा वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. त्यांना एकच हात ठाऊक होता.

एवढ्या लहान जिवांची भूक फार वेळ थांबत नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि मनीची चाचणी करायला पट्ट्यांचं पाकीट घेऊन त्या तात्यांच्या घरी गेल्या.

जिन्यात मनी बसली होती. एक कान फाटका, अंग मात्र तुकतुकीत. तात्यांनी तिला धरून दिलं. पट्टीवर एकच रेघ उमटली. मनी निरोगी होती. पण रोग कशातून आला हे कळेपर्यंत तात्यांना परत आत घेता येत नव्हतं.

"दोन नंबरच्या पेटीला कधी हात लावला होतात?" बाईंनी विचारलं.

"कधीच नाही. ती पेटी तुमची. तुम्हीच वाटून दिलं होतंत, एक माझी, दोन तुमची."

परतताना ते वाक्य बाईंच्या बरोबर चालत राहिलं. तात्या दर दोन तासांनी पहिल्या पेटीत हात घालत. रोग त्यांच्या अंगावरून आला असता, तर आधी तिथे शिरला असता. ती पिल्लं तर ठणठणीत होती. मेली ती दुसऱ्या पेटीतली, जिला बाईंशिवाय कुणाचा हात लागत नव्हता.

मग त्या पेटीत असं काय होतं, जे पहिलीत नव्हतं? दूध तेच. दिवा तोच. हवा तीच.

मागच्या अंगणात मावशी कपडे धूत होत्या. तोंडानं हलकंच काही चाललं होतं:

वस्त्राचा गं मळ
पाण्यासंगं वाहून गेला,
मनीचा गं डाग
कुण्या साबणानं धुतला?

दोरीवर टॉवेल वाळत होते. सगळे विटलेले, पांढऱ्या ठिपक्यांचे. ब्लीच कुणाचा रंग ठेवत नाही. मावशींची बोटंसुद्धा फिकी पडली होती. दोन नंबरच्या पेटीतलं अंथरूण बंद पिशवीत कोपऱ्यात होतं, जाळण्यासाठी.

"जाळायचंच ना हे?" मावशींनी पिशवीकडे हनुवटी केली. "जिवावर येतं. इतका छान रंग राहिलाय."

बाई जागच्या जागी थांबल्या.

पारदर्शक पिशवीतून निळा रंग दिसत होता. गडद निळा, त्यावर बारीक तांबड्या रेघा. एकही पांढरा ठिपका नाही.

"मावशी, हे ब्लीचमध्ये घातलं नव्हतंत?"

"नाही."

"का?"

"धुतलेलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"गाठोड्याला चिठ्ठी होती."

केंद्रात "धुतलेलं" या शब्दाला एकच अर्थ होता. दहा मिनिटं ब्लीच, मग दोन पाणी. तो अर्थ बाईंनीच सगळ्यांच्या गळी उतरवला होता. ज्याच्यावर तशी चिठ्ठी, ते थेट फडताळात जाई. पुन्हा भिजवून कापड फाडू नका, हाही नियम त्यांचाच.

मावशी प्रत्येक चिठ्ठी तारेला टोचून ठेवत. त्यांनी न शोधताच एक काढून दिली. तीन शब्द होते. धुतलेलं आहे. डॉक्टर.

"तुमचं अक्षर ओळखते मी," मावशी हळूच म्हणाल्या. "सकाळी बोलणार होते. पण तुम्ही तात्यांना बोलत होतात. मोठ्यांच्या मध्ये कसं तोंड घालायचं?"

बाईंनी हातमोजे घालून पिशवी उघडली. मावशींनी नेहमीप्रमाणे कापडाचे चौकोन केले होते. एका चौकोनावर खिसा होता, खिशाच्या तळाशी शाईचा जुना डाग. वडिलांचं पेन नेहमी गळायचं.

गाठोडं त्यांनी स्वतः घरून आणलं होतं, बारा दिवसांपूर्वी. न उघडता.

त्यांनी घरी फोन लावला.

"आई, आपलं पिल्लू कशावर निजायचं?"

"बाबांच्या सदऱ्यावर. मऊ होता ना. का गं?"

"नंतर तो धुतलास?"

"म्हणजे काय? साबण लावून चोळला, दोन दिवस कडक ऊन दाखवलं. तूच म्हणालीस, केंद्राला जुने कपडे लागतात."

"पिल्लाला काय झालं होतं, आई?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ओकत होतं. मी तुला दोनदा म्हटलं, बघतेस का. तू म्हणालीस पोट बिघडलं असेल, उद्या बघते. उद्या ते राहिलंच नाही."

तात्यांना निरोप गेला. ते आले, पण उंबऱ्याच्या आत येईनात. साहेब खुर्चीत, मावशी भिंतीशी. बाई उभ्याच राहिल्या.

"रोग मनीनं आणला नाही," त्या म्हणाल्या. "तात्यांनीही नाही. मी आणला.

"माझ्या घरी एक पिल्लू आजारी पडलं. मी जनावरांची डॉक्टर, एका खोलीचं अंतर होतं, मी उठून पाहिलं नाही. ते ज्या सदऱ्यावर गेलं, तो आईनं साबणानं धुतला. हा विषाणू साबणाला आणि उन्हाला दाद देत नाही, कापडात महिनोन्‌महिने टिकतो. आईला हे माहीत नव्हतं. मला होतं. ती 'धुतलेलं' म्हणाली, ते घरातलं धुणं. मी तोच शब्द इथे लिहिला, आणि इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. मावशींनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. नऊ दिवसांपूर्वी मी फडताळातून ते चौकोन काढून, नीट न बघता माझ्या पेटीत घातले. तात्यांच्या पेटीत जुने विटके टॉवेल होते. म्हणून त्यांची पिल्लं वाचली."

साहेब काही बोलायला गेले. बाईंनी मान हलवली. अजून संपलं नव्हतं.

"तात्यांनी फॉर्मवर 'नाही' लिहिलं, मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं. 'नाही' मीही लिहिलं होतं. आमचं पिल्लू मेलं होतं म्हणून ते खरं, एवढाच माझा खरेपणा. तात्या, सकाळचं वाक्य मी सगळ्यांदेखत बोलले, म्हणून सगळ्यांदेखत सांगते. ते तुमचं नव्हतं. माझं होतं."

तात्या "असू द्या" म्हणाले नाहीत. बाईंना तेच बरं वाटलं. माफी इतक्या स्वस्तात मिळाली असती, तर तोंड कुठे लपवावं हे त्यांना कळलं नसतं.

"पिल्लांनी काही घेतलंय का?" तात्यांनी विचारलं.

"सकाळपासून नाही."

"मग बाकीचं नंतर." त्यांनी आत येऊन टेबलावरचा एप्रन झटकला, किल्ली घेतली. दाराशी ट्रेमध्ये बूट बुडवले, हात कोपरापर्यंत धुतले. थोड्याच वेळात पेट्यांच्या खोलीतून दूध ओढल्याचा बारीक आवाज यायला लागला. चुटूक, चुटूक.

बाईंनी अहवालात तात्यांचं नाव खोडून स्वतःचं घातलं. मग फॉर्मचा गठ्ठा ओढला. प्रश्नातला "पाळलेलं" हा शब्द काट मारून काढला आणि सगळ्यांत आधी आपला फॉर्म पुन्हा भरायला घेतला.

घरी मांजर आहे का?

पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी लिहिलं, होतं.