फक्कीतली पावलं

बगिच्यात मुलांची खेळणी बसवायची की नाही, याची बैठक रविवारी संध्याकाळी कडुनिंबाखाली भरली. शेखर गेटापाशीच भाजीची गाडी लावायचा. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तोही जाऊन उभा राहिला.

कोपऱ्यात पाण्याचं जुनं टाकं होतं. महिन्यापूर्वी शेखरचा नऊ वर्षांचा भाऊ गोपाल टाक्याच्या उतरत्या पत्र्यावर घसरगुंडी खेळायला चढला आणि पत्र्यासकट आत पडून बुडाला. आता टाकं मुरूम टाकून बुजवलं होतं. नवी घसरगुंडी नेमकी तिथंच यायची होती.

"जिथं लेकरू गेलं तिथं खेळणी? बरं दिसते का?" बगिच्याला लागूनच राहणारे केदार वकील म्हणाले.

"खेळायला जागा असती तर ते टाक्यावर चढलंच नसतं," शाळेतल्या चारुशीलाबाई म्हणाल्या.

"वकीलसाहेब, तुमाले भेव भुताचं हाये का दुपारच्या झोपमोडीचं?" मागून कोणीतरी टोमणा मारला. लोक हसले, मग शेखरकडे पाहून ओशाळले.

बगिच्याचा म्हातारा माळी बुधाजी हळूच बोलला, "त्या टाक्यातलं हे दुसरं लेकरू होय. पयलं मरून निंगालं तवा मी नवाच कामाले लागलो होतो. कोनाचं होतं, समजलंच नाई. न्यालेच कोनी आलं नाई."

"शेखर, तूच सांग बाबा," बाई म्हणाल्या.

शेखर महिनाभर रडला नव्हता. कानात कापूस कोंबल्यासारखं सगळं त्याला लांबून ऐकू यायचं. "बनवा," तो म्हणाला. "तिथंच बनवा."

त्याला मायचं पडलं होतं. दहाव्याच्या रात्री घरात पीठ पसरून वर टोपली झाकली होती. गेलेला मार्गी लागला की पिठात पाऊल उमटतं म्हणतात. माय, माणिकबाई, गोपालचंच पाऊल शोधत होती. त्याच्या उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. पीठ कोरंच राहिलं. तेव्हापासून ती रोज पीठ पसरायची आणि चहाशिवाय काही घ्यायची नाही. शेजारच्या पार्बताबाईनं बजावलं होतं, "त्याले हाका मारू नोका. घरी तं बलावूच नोका. भलतंच कोनी येते." शेखरला वाटायचं, पोरगा घसरगुंडीसाठी अडून बसला असेल. एकदा खेळला की जाईल.

दुसऱ्या दिवशी मजुरांनी चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखला आणि ते जेवायला गेले. सांडलेली फक्की तिथंच पांढरी पसरली होती. मे महिन्यातली अमरावतीची दुपार. पान हलत नव्हतं, चिमणी बोलत नव्हती. शेखर सावलीत बसला होता.

आधी वास आला. शेवाळाचा, साचलेल्या पाण्याचा. मुरूम तर हाताला चटका देईल इतका कोरडा होता.

मग फक्कीत एक टाच उमटली. लहानशी. मग दुसरी. तिसरी त्याच्याकडे वळली... आणि थांबली.

शेखर घाबरला नाही. घाबरायला आत काही उरलंच नव्हतं. त्यानं वाकून बोटंही पाहिली नाहीत.

"आला का?" तो म्हणाला. "काहून बसून रायला इथं एकटाच? चाल घरी. माय जेवत नाई."

गाडी ढकलत तो घरी निघाला. मागं वळला नाही. वास मात्र सोबत होता. अंगणात गाडी लावून त्यानं नळावर पाय धुतले आणि आत गेला.

माय जेवत होती. दहाव्यानंतर पहिल्यांदा. तिच्यासमोर दुसरं ताट वाढलेलं होतं.

"आला माहा गोपाल," ती कुजबुजली. "तूनंच आनला नं? पाय धू म्हनलं, तं आयकतच नाई."

उंबरठ्यापासून ताटापर्यंत फरशीवर पांढरी पावलं होती. शेखर खाली बसला. उजवं पाऊल पाहिलं. मग पुढचं उजवं... मग त्याच्या पुढचं.

पाचही बोटं सरळ होती.

"बोलत काहून नाई रे हा?" माय घास घेत म्हणाली. "नुसता पाहून रायला मायाकडे."

शेखरनं तोंड उघडलं. माय दुसरी भाकर मोडत होती. त्यानं तोंड मिटलं, उठून दार लावलं, आणि त्या ताटाशेजारी जाऊन बसला.

सकाळी त्यानं टोपली उचलली. पीठ कोरंच होतं.