वाटेवरची आडवी काठी

त्या हिवाळ्यात तंबूतली जमीन गारच पडत नव्हती. कपितोन बायकोला म्हणायचा, "शेगडी कशी बसवलीय बघ. कौतुक कर जरा."

"करते की," ग्लाफिरा म्हणायची, "आधी जनावरांची पोटं भर."

उन्हाळ्यातल्या वणव्याने रेनडियर खातात ते पांढरं शेवाळ जाळून टाकलं होतं. उरलं होतं ते फक्त दलदलीपलीकडच्या लार्च झाडांच्या रानात. कळप उद्या तिकडे पोहोचला नाही, तर निम्मी जनावरं वसंत बघणार नव्हती. म्हणून दिवस कलताना ग्लाफिरा एका म्हाताऱ्या रेनडियर मादीला दोरीने धरून वाट तपासायला निघाली. दलदल एव्हाना गोठून दगड झाली असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

वाटेवर एक काठी आडवी पडली होती. पुढे वाट बंद, हा तिचा अर्थ सैबेरियात रेनडियर पाळणाऱ्या एवेंकींच्या पोरासोरांनाही कळतो. पण इकडे आलं कोण? बर्फावर एक पाऊल नव्हतं. वाऱ्याने पावलं बुजवली असतील, कपितोनचीच थट्टा असणार, असं म्हणत तिने काठी बाजूला सारली.

थोडं पुढे दुसरी काठी. तिने ती उचलली. एवढ्या थंडीतही तोडल्या टोकाच्या कापावरचा डिंक मऊ होता, जणू आत्ताच तोडलेली. झाडीत कुठेतरी कुऱ्हाड चालली होती. टक्... टक्... जरा दम खाऊन पुन्हा टक्. हवेला जळक्या मातीचा वास होता.

"कोण आहे...?"

कुऱ्हाड थांबली.

तिने काप निरखला. मधोमध एक बारीक कंगोरा राहिला होता, पात्याला खाच असली की राहतो तसा. सासरा साव्वाती वणवा विझवताना गेला होता. मेलेल्याबरोबर धडधाकट वस्तू पुरत नाहीत, म्हणून त्याच्या कुऱ्हाडीला दगडावर आपटून तिनेच खाच पाडली होती.

"मामंजी...?"

मादीने पाय रोवले. ग्लाफिराने काठी समोरच्या बर्फात खुपसली. बर्फ भसकन खाली बसला आणि खड्ड्याच्या तळाशी लाल निखारे दिसले. उन्हाळ्याचा वणवा विझलाच नव्हता. दलदलीच्या सुकलेल्या, कुजक्या पालापाचोळ्याच्या मातीत तो बर्फाखालून पसरत राहिला होता. उद्या अख्खा कळप त्यात उतरला असता, आणि सगळ्यांच्या पुढे ती.

ती गुडघ्यांवर बसली. म्हातारा जिवंतपणी सारखा टोचायचा, "सूनबाई, डोळे पाठीला लावून चालतेस." आज ते बोलणं ऐकायला ती आसुसली होती.

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

तंबूत परतली तेव्हा शेगडी थंडगार होती. कपितोन दिवसभर कळपापाशी होता, तोही आत्ताच आला होता. सगळं ऐकून तो थट्टा विसरला. शेगडी पेटवून त्याने चरबीचा पहिला तुकडा विस्तवाला दिला.

"बाबांना," तो म्हणाला. "उद्या वळसा घालून नेऊ कळप. आज झोप."

ती अंथरुणाकडे वळली आणि थबकली.

"कपितोन... ही तू ठेवलीस?"

दोघांच्या अंथरुणावर एक काठी आडवी पडली होती. कापावर तोच कंगोरा.

तिने अंथरूण उचललं, खालच्या फांद्या सारल्या आणि तळहात टेकवला. शेगडी पेटून घटकाही झाली नव्हती. जमीन चांगलीच ऊन होती.

"निघतो, मामंजी," ती हळूच म्हणाली.

त्यांनी तंबू उतरवला, कळप हाकला. पुढे अंधारात कुऱ्हाड वाजू लागली, आणि दोघं त्या आवाजामागे चालू लागले.