दुसऱ्या नावाची जागा

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बुधवार पेठेतल्या एका दुकानात शेवटचा उरलेला स्वस्तातला टॅब्लेट दोघांनी एकाच वेळी मागितला.

दुकानदाराने तो काउंटरच्या मधोमध ठेवला. "आपसांत ठरवा. एक वाजता दुकान बंद होतं," एवढं सांगून तो पेपर वाचू लागला.

मुलीचं नाव तनुजा. 'पालवी' ही कुणीही फुकट वापरावी, कुणीही सुधारावी अशी ऑपरेटिंग सिस्टिम पुण्यातले सात जण फावल्या वेळात सांभाळतात, त्यांतली ती एक. स्वस्त टॅब्लेटवरही पालवी चालेल अशी सोय करायची की नाही, यावर दुसऱ्या दिवशी मतदान होतं. तिचं मत 'नाही' होतं; टॅब्लेट हवा होता तो ते पुराव्यानिशी मांडायला.

मुलगा अवधूत, लोणी काळभोरच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. तिथे असलेच बत्तीस टॅब्लेट कपाटात पडून होते. कंपनीने अपडेट थांबवल्यापासून मुलांची पुस्तकं त्यांवर उघडत नव्हती. वाचनालयाच्या वस्तूवर पालवी चढवण्याचा प्रयोग नको, म्हणून तो पदरमोड करून एक घ्यायला आला होता.

"पालवीवाल्यांना तीन मेल केले," तो म्हणाला. "कुणी तनुजा हाय तिथं. एका ओळीत उत्तर देते."

"काय देते?"

"'नियम वाचा.'"

"मग वाचले का?"

"पाठ झालेत."

तिने आपलं नाव सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला... आणि टॅब्लेट हळूच तिच्याकडे सरकवला.

पैसे तिने दिले. बाहेर भुरभुर सुरू होती. दुकानाच्या छपराखालच्या पायरीवर, टॅब्लेट तिच्या लॅपटॉपला जोडून, दोघांनी त्यावर पालवी चढवली. तिने डाव्या कोपऱ्यात बोट टेकलं, तर रेघ उमटली उजवीकडे — त्याच्या बोटाशी. तिने पुन्हा टेकलं. पुन्हा तिथेच. त्याने बोट काढलं नाही.

"हा दोष आहे," ती म्हणाली.

"नोंदवा मग. घाई नाय."

दुरुस्ती होईपर्यंत बारा चाळीस झाले. त्यानंतर त्याने मुलांचं एक पुस्तक उघडून पाहिलं. ते उघडलं.

पालवीचा नियम असा, की प्रत्येक यंत्रामागे दोन माणसांची नावं हवीत. दोन वर्षं, दर नव्या आवृत्तीला दोघांनी समोरासमोर बसून ते यंत्र तपासायचं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने लिहायचं. तनुजाच्या मागच्या यंत्राचा दुसरा माणूस तिसऱ्या महिन्यात यायचा बंद झाला होता. ती त्यानंतर वर्षभर एकटीच चालवत आणि लिहीत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पायरीवर सांगितलं.

"पहिलं नाव माझं लिहा," अवधूत म्हणाला. "लोणीहून बस हाय."

"आणि कंटाळा आला तर?"

"तर तोंडावर सांगेन." तो थांबला. "न सांगता नाय जायचो."

टॅब्लेट तिने नेला. चार्जर मात्र त्याने आपल्या पिशवीत टाकला. म्हणाला, पुढच्या रविवारी आणून देतो.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. तीन बाजूने, तीन विरुद्ध. सातवं मत तनुजाचं. तिने आठवडाभराची मुदत मागितली. चिडलेल्या एका सहकाऱ्याने विचारलं, तुझं 'नाही' ठरलेलं होतं ना? ती म्हणाली, होतं.

आज शनिवार. यादीत या टॅब्लेटपुढे पहिलं नाव अवधूतचं आहे, दुसऱ्या नावाची जागा रिकामी. लोणीचे बत्तीस टॅब्लेट अजून कपाटातच आहेत. सकाळी दहा पन्नासला तनुजाने एक ओळ पाठवली: 'उद्या कितीची बस?'

उत्तर मिनिटाच्या आत आलं. 'नऊची. पण सातच्याने येतो.'

तनुजाच्या खणात त्या टॅब्लेटला चालणारे चार चार्जर आहेत. बॅटरी सात टक्क्यांवर आहे.