डावीकडची घुंडी

खट्ट!

सगळं सभागृह वळून तिच्याकडे बघायला लागलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवार सकाळचा कार्यक्रम, क्लॅरिनेटचा सूर अगदी बारीक झालेला... आणि नेमका तेव्हाच हिचा कॅमेरा वाजला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. वाजवणाऱ्याला मात्र हसू आवरलं नाही, आणि त्या हसण्यात त्याचा एक सूर निसटला.

कार्यक्रम संपला तेव्हा तो जिन्यात उभाच होता.

“कॅमेरा तुमचा ना? बेसूर वाजतो हो.”

“तुम्ही तरी कुठे सुरात होतात? शेवटी निसटलाच की.”

“तो तुमच्यामुळे!”

झालं, तिथून सुरुवात झाली. पासपोर्टचे, लग्नांचे रंगीत फोटो बाबांच्या स्टुडिओचे आणि काळेपांढरे तिचे स्वतःचे, अशी तिच्या घरात वाटणी होती. काळेपांढरेच का, असं त्यानं एकदा विचारलं.

“रंग नसले की माणूस नीट दिसतो. तुझा हा लालभडक शर्टच बघ. तुझ्याकडे लक्षच जात नाही.”

“म्हणजे लक्ष द्यायची इच्छा आहे तर!”

ती लाजली आणि उगाच लेन्स पुसत बसली.

पहिल्या दिवसाचा धडा मात्र तिनं गाठीशी बांधला होता. त्याच्या बँडचे ड्रम दणदणायला लागले की मगच बटण दाबायचं. त्यामुळे त्याचे सगळे फोटो जोरात वाजवतानाचे, गाल टम्म फुगलेले.

“आईला दाखवले तर ती मला थेट दातांच्या डॉक्टरकडे नेईल,” तो म्हणायचा. “हळू वाजवताना काढ ना एकदा.”

“खटका ऐकू येतो.”

हे अर्धंच खरं होतं. तो हळू वाजवायला लागला की हातात कॅमेरा आहे हेच ती विसरायची.

मग त्याला जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी लागली. दोन वर्षांची. “छान झालं,” ती म्हणाली, आणि डार्करूमचं दार लावून तिथल्या लाल दिव्याखाली पोटभर रडली.

निघायच्या आदल्या दुपारी त्यानं तिला रिकाम्या सभागृहात बोलावलं.

“आज फक्त हळू वाजवणार. हवे तेवढे खटके उडव. आणि ऐक... यातला एक फोटो उद्या बंदरावर आण. माझ्यासाठी थांबणार असशील तर मागे तसं लिही. नसशील तर आणू नकोस. मी समजेन. तोंडानं बोलणं आपल्या दोघांनाही जमत नाही.”

“आणि आत्ताच सांगितलं तर?”

“नको गं... मग वाजवता यायचं नाही मला.”

तिचं उत्तर कधीचंच ठरलेलं होतं. तिनं घाईघाईत कॅमेऱ्यात रीळ भरलं. रीळ भरलं की डावीकडची घुंडी फिरतेय ना ते बघ. ती फिरली नाही तर फिल्म पुढे सरकतच नाही, हे बाबांनी तिला लहानपणापासून शंभरदा सांगितलेलं. पण त्यानं क्लॅरिनेट ओठांना लावली आणि तिचं सगळं लक्ष कानांत गेलं. बोटं आपली खटके उडवत राहिली. छत्तीस फोटोंचं रीळ, कॅमेऱ्यावरचा आकडा चाळिसावर गेला, तरी तिला शंका आली नाही. उलट आज रीळसुद्धा खूश आहे, असंच वाटलं वेडीला!

संध्याकाळी बाबांनी धुतलेली फिल्म दिव्यासमोर धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ, काचेसारखी कोरी.

“घुंडी फिरत होती का गं?” त्यांनी हलकेच विचारलं.

तिनं बघितलंच नव्हतं.

मागे कशाला लिहायचं, तोंडावरच सांगायचं, असं ठरवून ती सकाळी बंदराकडे धावली. त्या घाईत एखादा जुना फोटो उचलायचंही तिला सुचलं नाही. पण बँडला निरोपाचं वाजवायला आधीच वर चढवलं होतं. डेकच्या कठड्याशी तो उभा होता आणि गर्दीत तिलाच शोधत होता. दिसली. मग त्याची नजर तिच्या रिकाम्या हातांवर गेली.

“थांबेन मी! ऐकतोयस ना? थांबेन!” तिनं जिवाच्या आकांतानं हाक दिली. पण ड्रम दणदणत होते. इतके दिवस तिचा खटका लपवणाऱ्या त्या दणदणाटात तिचा आवाजही बुडाला. त्यानं समजल्यासारखी मान हलवली, गाल फुगवले आणि वाजवायला लागला.

त्या फोटोमागे जे लिहायचं होतं ते तिनं पत्रात लिहिलं आणि जहाज कंपनीच्या पत्त्यावर पाठवलं. चार महिन्यांनी पाकीट जसंच्या तसं परत आलं. वादक नोकरी सोडून मधल्याच एका बंदरात उतरला होता, पुढचा पत्ता कोणाकडेच नव्हता.

बाबा दुकानात फोटोंच्या कडा कापत होते. तिनं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

“मी नाही म्हटलंच नव्हतं हो, बाबा.”

“मला माहीत आहे गं,” बाबा म्हणाले. “पण त्याला कोण सांगणार?”