मोहाखालची कुंती

श्रावणातल्या शनिवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, शरयूनं ते झाड उचललं. वेळ पक्की ठाऊक, कारण निघताना तिनं घड्याळाला किल्ली दिली होती आणि माणिकला पाजून निजवलं होतं. ती उठायच्या आत घरी यायचं होतं. साल एकोणीसशे छप्पन्न.

गिरडच्या अलीकडे, जंगलाला अगदी लागून, वनखात्याचं क्वार्टर होतं. शरयूचा नवरा अच्युत तिथे नाकेदार, म्हणजे जंगलाचा रखवालदार. मागच्या अंगणावर साग-बेहड्याची अशी गर्द सावली, की भर दुपारी तांदूळ निवडायचे तर पुढच्या ओट्यावर यावं लागे. शरयूनं गुलाब लावला, तो मेला. शेवंती लावली, ती कुजली. रेंजरसाहेबांच्या शोभाबाई एकदा बसायला आल्या आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "तुमच्याकडे काय बाई, कुत्र्याच्या छत्र्या तेवढ्या झकास येतात!"

ते बोलणं शरयूला काट्यासारखं सलत राहिलं. अच्युत मात्र हसला. "सरकारी क्वार्टरात बगीचा? बदली झाली की काय डोक्यावर घेऊन येशील?"

शेवटी उपाय सांगितला तो रामबाईनं. रामबाई पलीकडच्या गोंड वस्तीवरची, पन्नाशीची बाई. भांडी घासायची आणि पाच महिन्यांच्या माणिकला तेल चोळून न्हाऊ घालायची.

"सावलीत कुंती येते बाई. बारा महिने हिरवी राह्यते. पांढरं फूल, लय वास. नाल्याकाठी पायजे तेवढी हाये. पण मोहाखाली एकच हाये ना, तिले हात नका लावजो."

"का बरं?"

"ते लावलेली हाये."

एवढं बोलून रामबाई माणिकच्या पायांना तेल चोळत राहिली. शरयूनं पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. उत्तर मिळालं असतं तर झाड घेता आलं नसतं. हे तिला तेव्हाही आतून कळत होतं.

नाल्याकाठच्या कुंत्यांची मुळं दगडांत रुतलेली. मोहाखालची मात्र कमरेएवढी, गोल, कुणीतरी रोज हात फिरवल्यासारखी. बुंध्याशी पांढरे गोटे मांडलेले. शरयूनं ते बाजूला सारले, इकडेतिकडे पाहिलं, आणि मुळं दुखू नयेत म्हणून झाड मातीच्या गोळ्यासकट काढलं. माती भुसभुशीत होती. गोळा कडेवर घेतला तेव्हा तो माणिकएवढाच भरला. आणि गार नव्हता.

दुसऱ्या दिवशी रामबाई मागच्या दारात थबकली.

"नागपूरहून आणवलं," तिनं काही विचारायच्या आतच शरयू बोलून गेली.

"हो का बाई," रामबाई म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

झाड एकही पान न गाळता लागलं. आश्विनापर्यंत फुलांनी पांढरं झालं. शोभाबाईंनी स्वतःहून कलम मागून नेलं. शरयूचा ऊर भरून आला. पण त्याच महिन्यात माणिक पिईनाशी झाली. तोंड लावायची, दोनदा ओढायची आणि रडायची. शरयूला दूधच येत नव्हतं. मेथी झाली, शतावरी झाली, हळिवाचे लाडू झाले. समुद्रपूरच्या डॉक्टरनं भुकटीचं दूध दिलं, ते माणिकच्या पोटात ठरेना. पोरीच्या मांड्यांना सुरकुत्या पडल्या. तेल लावताना रामबाईचा हात आता हळू फिरायचा.

आणि कुणालाच सांगता येऊ नये अशी गोष्ट पुढेच होती. माणिक टाहो फोडायची तेव्हा शरयूची छाती कोरडी. पण मागच्या अंगणात पाऊल टाकलं, कुंतीजवळ गेली, की पान्हा फुटायचा. चोळी भिजायची, पदर भिजायचा. झाडाला आठवडाभर पाणी घातलेलं नसायचं, तरी बुंध्याशी माती ओली, आणि तिच्यावर मुंग्यांची रांग.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी माणिक रडून रडून गप्प झाली. ती शांतता ऐकून शरयूनं हातातलं काम टाकलं. ती उठली आणि पाय तिला आत न नेता मागच्या दाराकडे घेऊन गेले. वारा नव्हता. साग निश्चल उभे. कुंतीची मात्र खालचीच, गुडघ्याएवढ्या उंचीवरची पानं हलत होती. फुलांच्या वासाखाली दुसरा एक वास... दुधाचा, आंबूस, तान्ह्या मुलाच्या जावळाला येतो तसा. शरयू गुडघ्यांवर बसली. चोळीतून थेंब मातीवर पडला. आणि तिला ऐकू आलं...

चुटुचुटु... चुटुचुटु...

ती उठली ती थेट रामबाईच्या पुढ्यात. रामबाई भांडी घेऊन दारातच उभी होती.

"रामबाई... ते झाड नागपूरचं नाही. मी मोहाखालून आणलं."

"मले माईत हाये बाई. पयल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलल्या का नाही?"

"कोनाले बोलू? मोळी आनली तर आमाले दंड करते. नाकेदाराच्या बाईनं झाड नेलं, त्याची तक्रार नाकेदारापाशी करू काय?" मग तिचा आवाज उतरला. "माह्या पोरीचं, धुरपताचं लेकरू हाये थे. तीन महिन्याचं गेलं. पितं लेकरू गेलं तं आमी मोहाखाली मातीत ठेवतो. धुरपतानं वर कुंती लावली, सावली व्हाव म्हनून. ते रोज दुपारी तिथं जाऊन बसे. आता खड्ड्यापाशी बसते."

संध्याकाळ व्हायच्या आत शरयूनं कुंती खणली, तशीच गोळ्यासकट, आणि मोहाखाली नेली. धुरपता शरयूच्याच वयाची. ती भांडली नाही, शिवी दिली नाही. तिनं मातीचा गोळा मांडीवर घेतला, मान सांभाळतात तसा एका बाजूनं हात दिला आणि वर पदर ओढला. शरयूला तिथे उभं राहवेना. चार शिव्या तरी घालायच्या होत्या!

मग धुरपतानं वर पाहिलं.

"सगळं आनलं ना?"

"कलमं..." शरयू म्हणाली. "दोन दिली होती."

शोभाबाईंच्या अंगणातलं दुसऱ्याच दिवशी परत आलं. "दिलेलं परत मागतं का कोणी?" म्हणून त्यांनी नाक मुरडलं खरं, पण दिलं. त्या रात्री माणिक पोट भरून प्याली.

दुसरं कलम मात्र डॉक्टरला द्यायला म्हणून नेताना समुद्रपूरच्या मोटारीत गेलं. शेजारच्या बाईनं फुलांचा वास घेतला, "कित्ती गोड!" म्हणाली, म्हणून शरयूनं हौसेनं तिच्या पिशवीत ठेवलं. ती कुठे उतरली ते आठवत नाही. नाव विचारलं नाही. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं, एवढं मात्र आठवतं.

आता माणिक तीन वर्षांची आहे. शरयूचं दूध कधीच आटलं. तरी समुद्रपूरच्या सडकेकडे तोंड करून उभी राहिली, की तिचा पदर ओला व्हायचा. गेल्या पौर्णिमेपासून तेही थांबलं आहे. तिला जास्त भीती त्याचीच वाटते: आता ते कुणाचं दूध पीत असेल?

म्हणून वाचणाऱ्या बायांनो, एवढं करा. विहिरीवर, बाजारात, माहेरी गेलात तर तिथेही सांगा. मोटारीत मिळालेली कुंती कुणाच्या अंगणात असेल, तर ती गिरडला रामबाईच्या वस्तीवर आणून द्यावी. येताना लेकराला कडेवर आणावं. घरी झाडापाशी एकटं ठेवून येऊ नये.