पडद्यावरची फट

सत्यशीला शाळेच्या मैदानातून खाली मान घालून लगबगीने निघाली होती. पायाला काहीतरी ओलं लागलं, तेव्हा कुठे तिला कळलं... ती भर तळ्यात उभी होती. निळ्याशार, अजून न वाळलेल्या रंगाच्या तळ्यात!

"मॅडम, पाणी खोल हाय! काठानं या!"

आंब्याखाली एक तरुण ब्रश धरून हसत होता. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, म्हणून कंपनीचे पडदे पोंभुर्ण्याच्या या मैदानात वाळत घातलेले. हा खुशाल, ते रंगवणारा.

"माफ करा... मी पाह्यलंच नाही!"

"असू द्या. तुमच्या पावलांवर कमळाची पानं काढून टाकतो. तळ्यावर राजकन्या येतेच नाटकात. पावलं कोणाची, कोण इचारते?"

सत्यशीलाचे कान तापले. विज्ञानाची नवी बाई ती. असं कोणी बोललं की तिला घामच फुटे. तरी दुसऱ्या दिवशी तीच कापड घेऊन आंब्याखाली गेली. विज्ञान प्रदर्शनीसाठी मेंदूतल्या दोन चेतापेशींचं मोठं चित्र हवं होतं... काढून द्याल?

त्याने काढलं. सुरेख काढलं. दोन्ही पेशींना झाडासारख्या फांद्या, आणि फांद्या एकमेकींत छान गुंतवलेल्या.

"अरे देवा! चिकटवल्या काऊन?" घाबरली की तिची पुस्तकी भाषा पळून जायची.

"अंतर ठेवलं त जंगल विरळ दिसते, मॅडम. फांदीत फांदी घालाची, नाईतर मागची भिंत दिसते. पडद्याचा नियम हाय."

"पण त्या एकमेकींना शिवत नाहीत! मधे बारीकशी फट असते. निरोप विजेसारखा टोकापर्यंत धावत येतो आणि अडतो. मग टोकाशी इवल्या पिशव्या फुटतात, त्यांतलं रसायन फट ओलांडून पलीकडच्या पेशीला जाऊन लागतं. एखादं म्हणतं बोल, एखादं म्हणतं गप्प बस. दोन्ही लागतात."

"तुमच्याकडून मले कोणतं येऊन राह्यलं?"

तिने उगाच पर्समध्ये काहीतरी शोधलं. बोटांना रुमालात बांधलेल्या गोळ्या लागल्या, आणि तिने पर्स पटकन मिटली. शाळेत असल्यापासूनचा तो आजार. ठरत आलेलं एक स्थळ त्यावरूनच मोडलं होतं. 'कोणाजवळ तोंड उघडू नको,' आईने बजावलेलं.

खुशालने फांद्या खरवडून फट काढली. चित्र प्रदर्शनीला गेलं, परत आलं. तरी शाळा सुटली की तिची पावलं आंब्याकडे वळतच राहिली. आणि एका संध्याकाळी तो पडदे गुंडाळता गुंडाळता म्हणाला,

"उद्या कंपनी एटापल्लीकडे निघते. होळीनंतर तुमच्या आईले भेटाले येऊ काय? नाई म्हणलं तरी चालते... म्हंजे चालत नाई, पण आयकून घेईन."

हो म्हणावं तर फसवणूक. खरं सांगावं तर... हा असाच पडदा गुंडाळून निघून जाईल.

"मले फिट येते," ती एकदम बोलून गेली. "डोक्यातल्या पेशी एकदमच कालवा करतात. गप्प बस म्हणणारं पुरं पडत नाही. मग मी पडते... गोळ्या चालू आहेत. तरी कधी कधी—"

खुशाल थांबला. तो खाली आपल्या पायांकडेच बघत राहिला. संपलं, तिला वाटलं. तिने पर्स उचलली.

"मॅडम... चप्पल हुंगवावी लागते ना?" त्याचा आवाज चिंतेने बारीक झाला होता. "माझी त सारी रंगानं भरली हाय. चालंल काय? का नवी आणू?"

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"चप्पल नको. कांदाही नको. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. अन् जवळ थांबायचं."

"कवापर्यंत?"

"मी नीट शुद्धीवर येईपर्यंत."

"थांबतो. अन् होळीनंतर?"

"या," ती म्हणाली. इतकं हळू, की ते त्याच्यापर्यंत पोचलं की नाही याचीच तिला धास्ती वाटली. खुशाल वळला, घाईघाईने ब्रश उचलला, आणि उलटाच, दांड्याकडून, रंगाच्या डब्यात बुडवला.

पोचलं होतं.